फ्लशच्या टाकीची गळती



ड्रिपरमधून ताशी ४ लिटर पाणी पडते की नाही, हे आपण घड्याळ लावून मोजतो. घरातील फ्लशच्या टाकीतून तेवढेच झिरपले, तर दिवसाला ९६ लिटर जातात. तिकडे मात्र लक्ष नसते. माझ्या घरी असेच झाले आणि मी बोअरला दोष देत राहिलो.

प्रथम टाकीचे झाकण काढा. आतल्या उभ्या नळीच्या तोंडातून पाणी वाहत असेल, तर बॉलकॉकचा फुगा खाली करावा. पाणी तोंडाच्या साधारण एक इंच खाली थांबले पाहिजे. तसे नसेल, तर पाण्यात खाण्याचा रंग टाका व अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, की तळाचा रबरी वॉशर गळतो असे समजावे.

कॉक बंद करून टाकी रिकामी करा, वॉशर काढा. बोअरचे पाणी क्षारयुक्त असले, तर पुष्कळदा वॉशर चांगला असतो, बैठकीवर क्षार साचलेले असतात. ते व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसावेत. ठिबकसाठी आणलेले आम्ल येथे नको, धातूचे भाग खाते. वॉशर कडक झाला असेल, तर जुना सोबत घेऊनच दुकानात जा. मापे निरनिराळी असतात.