पऱ्हाटीची स्वतःची ताकद



विमानदुरुस्ती आणि संगणक कंपन्यांच्या या नागपूरच्या मिहानमध्ये आपण पऱ्हाटीच्या पानाबद्दल बोलायला जमलो, याचं कोणी नवल करू नये. इथून जवळच, वर्धा रोडवर पांजरीला, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. कपाशीच्या पानावर कोण बसतं, हा प्रश्न या मातीचाच आहे.

२००२ मध्ये बीटी कपाशी आली ती बोंडअळीसाठी. बीटीचं प्रथिन अळीच्या आतड्यात काम करतं. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांचं ते काही बिघडवत नाही. बोंडअळीच्या फवारण्या घटल्या तशा याच किडी पुढे आल्या, आणि आपण प्रत्येक वेळी पंप पाठीवर घेतला. झाडाला स्वतःला काही करता येतं का, हे विचारणं मागे पडलं.

झाडाला बरंच काही करता येतं. अळी पान कुरतडते तेव्हा झाडात जास्मोनिक आम्ल वाढतं. मग किडीचं पचन बिघडवणारी प्रथिनं तयार होतात, मित्रकीटकांना बोलावणारे वास सुटतात. रोगजंतूंशी लढताना मात्र मुख्यतः सॅलिसिलिक आम्लाचा मार्ग चालतो, आणि हे दोन मार्ग बऱ्याचदा एकमेकांना दाबतात. पांढरी माशी नेमका याचाच फायदा घेते. तिची बारीक सोंड पेशींच्या फटींतून रसवाहिनीपर्यंत जाते, मोडतोड फारशी होत नाही, आणि लाळेतली द्रव्यं झाडाला चुकीच्या मार्गाला लावतात. तिची पिल्लं सॅलिसिलिक मार्ग जागा करतात आणि कामाचा जास्मोनिक मार्ग दबतो, हे कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००७ मध्ये मोहरीकुळातल्या एका रोपावर दाखवलं. २०१९ मध्ये टोमॅटोवर याहून पुढचं दिसलं: ग्रासलेल्या झाडाचा वास शेजारच्या झाडांनाही हीच चुकीची तयारी करायला लावतो. आणि २०२१ मध्ये चिनी शास्त्रज्ञांना या माशीत वनस्पतीकडून आलेलं एक जनुक सापडलं. त्याच्या बळावर ती झाडाची विषारी द्रव्यं निकामी करते. झाडाचं हत्यार झाडावरच!

माव्याची तऱ्हा वेगळी. रसवाहिनीला छिद्र पडलं की कॅल्शियमच्या इशाऱ्यावर झाड ती बुजवतं. माव्याच्या लाळेतली प्रथिनं ते कॅल्शियमच धरून ठेवतात आणि नळ वाहता राहतो.

हे प्रयोग बहुतेक परदेशातले आणि दुसऱ्या पिकांवरचे. आपल्या कपाशीवर, आपल्या तुडतुड्यांवर हे काम नेटानं व्हायला हवं. वाट सोपी नाही. पानावर लव दाट असली तर तुडतुडे कमी येतात, पण पांढरी माशी तिथे अधिक रमते. आपली देशी कपाशी रस शोषणाऱ्या किडींना चांगलं तोंड देते. धागा आखूड म्हणून आपण तिला शेतातून बाहेर काढलं. मला ती मोठी चूक वाटते.

फवारणीवर विसंबण्याची किंमत आपण पाहिली आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पोचले. मास्क आणि हातमोजे हवेतच. पण ज्या वाणाला मुळात इतक्या फवारण्या लागतात, त्या वाणाबद्दल कोणी बोलायचं?

आज बियाणं कीटकनाशक चोळूनच पाकिटात येतं. पहिले काही आठवडे पीक हिरवंगार दिसतं, आणि ती ताकद वाणाची की औषधाची हे शेतकऱ्याला कळत नाही. म्हणून या सभेच्या अध्यक्षपदावरून माझी एकच मागणी आहे. विद्यापीठं, संशोधन संस्था आणि बियाणे कंपन्यांनी येत्या खरिपात प्रत्येक वाणाची एक पट्टी बीजप्रक्रियेविना आणि फवारणीविना पेरावी, दर आठवड्याला पानामागची कीड मोजावी, आणि ते आकडे पुढच्या हंगामाच्या पेरणीपूर्वी गावोगावच्या कृषी केंद्रांत मराठीत लावावेत.