माणूस आधी, कागद मागाहून

(बुद्ध पौर्णिमेच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मंगल दिवशी मी धम्माच्या तत्त्वज्ञानावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु मी वकील. माझा सारा दिवस कागदांत जातो. म्हणून आज मी कागदाविषयीच बोलणार आहे. ज्याला स्वदेश सोडून परक्या देशात राहावे लागते, त्याच्या हातातील कागदाविषयी.

हा विषय आपला नव्हे, असे कोणी म्हणू नये. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना स्पष्ट सांगितले होते की, आपल्याला मायभूमी नाही. पुढे अठरा वर्षांनी, ऑगस्ट १९४९ मध्ये, घटना समितीत नागरिकत्वाची कलमे मांडण्यास तेच उभे राहिले. ज्याला मायभूमी नाकारली गेली, त्यानेच या देशात नागरिक कोण हे कायद्याच्या भाषेत सांगितले! एक कलम सोडले तर मसुदा समितीला या कलमाइतका त्रास दुसऱ्या कोणत्याही कलमाने दिला नाही, असेही त्यांनी तेव्हा सांगून टाकले.

आपल्या संविधानात दोन शब्द आहेत: 'नागरिक' आणि 'व्यक्ती'. भाषणाचे स्वातंत्र्य, सरकारी नोकरीतील समान संधी हे अधिकार नागरिकाचे. परंतु अनुच्छेद १४ मधील कायद्यापुढील समानता, अनुच्छेद २१ मधील जीविताचे व स्वातंत्र्याचे संरक्षण आणि अनुच्छेद २५ मधील धर्मस्वातंत्र्य हे अधिकार व्यक्तीचे आहेत. म्हणजे ज्याच्यापाशी या देशाचा पासपोर्ट नाही, त्याचाही जीव कायद्याच्या लेखी जीवच आहे.

आता प्रत्यक्ष उदाहरणे घ्या. हिवाळ्यात आपल्या शहरांत स्वेटर विकणारे तिबेटी बांधव आपण पाहिले असतील. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. आपल्या महाराष्ट्रातही, आजच्या गोंदिया जिल्ह्यात, १९७२ पासून त्यांची एक वसाहत आहे. नागपूरची दीक्षाभूमी तेथून फार दूर नाही. या लोकांना नोंदणी प्रमाणपत्र जवळ बाळगावे लागते व मुदत संपली की त्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. परदेशी जावयाचे तर पासपोर्टऐवजी पिवळ्या वेष्टनाचे ओळख प्रमाणपत्र मिळते. ते प्रवासाचे साधन आहे. नागरिकत्वाचा पुरावा नव्हे.

तथापि त्यांच्यापैकी अनेकांचा जन्म याच भूमीत झाला. नागरिकत्व अधिनियम १९५५ प्रमाणे २६ जानेवारी १९५० रोजी वा त्यानंतर, परंतु १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती, काही मोजके अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक ठरते. असे असूनही १९८६ साली जन्मलेल्या एका तिबेटी स्त्रीला पासपोर्ट नाकारण्यात आला. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०१० मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, ती जन्मतःच भारतीय नागरिक आहे. अधिकार तिचा पहिल्या दिवसापासून होता. तो कागदावर उतरण्यास चोवीस वर्षे लागली.

दुसरे उदाहरण याहून कठोर आहे. चकमा लोक बहुसंख्येने बौद्ध. चितगावच्या डोंगराळ मुलखात कप्ताईचे धरण झाले, त्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. १९६४ पासून ते भारतात आले व आजच्या अरुणाचल प्रदेशात वसविले गेले. त्यांनी नागरिकत्वासाठी अर्ज केले. परंतु ते अर्ज स्थानिक अधिकाऱ्यांनी केंद्र सरकारकडे पाठविलेच नाहीत! निर्णय विरुद्ध गेला असता तर त्याला आव्हान देता आले असते. येथे निर्णयच नव्हता. इकडे 'चालते व्हा' अशा धमक्या मात्र येत होत्या. अखेर राष्ट्रीय मानवाधिकार आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने सांगितले की, राज्याने प्रत्येक व्यक्तीच्या जीविताचे रक्षण केलेच पाहिजे, अर्ज पुढे पाठविलेच पाहिजेत आणि निर्णय होईपर्यंत अर्जदारास हुसकावून लावता येणार नाही. तरीही २०१५ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. कागद दडपणाऱ्याला शस्त्र उचलावे लागत नाही, हे आपण ओळखून असावे.

मी आपल्याला खोटी आशा दाखविणार नाही. २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अनुच्छेद १४ व २१ सर्वांना लागू असले, तरी देशाबाहेर न घालविले जाण्याचा हक्क नागरिकाच्या वास्तव्याच्या हक्काशी जोडलेला आहे. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून परकीयांविषयीचे जुने कायदे जाऊन नवा एकत्रित कायदा अमलात आला आहे. त्यातही वैध कागदपत्रांवाचून राहणाऱ्या परकीयाला कारावासाची शिक्षा आहे. म्हणून परकीयाचे संरक्षण आजही अपुरे आहे. आणि लक्षात ठेवा, चकमा आपले धर्मबंधू म्हणून आपण त्यांच्या बाजूने बोलावे व रोहिंगे मुसलमान म्हणून गप्प बसावे, हे बुद्धाच्या अनुयायांना शोभणारे नाही. 'व्यक्ती' या शब्दाला धर्म नसतो.

मग आपण घरी जाऊन काय करावे? पहिली गोष्ट, कोणताही अर्ज द्या, त्याची शिक्क्यासह पोच घेतल्याखेरीज खिडकी सोडू नका. चकमांची सारी कहाणी हेच शिकविते. दुसरी, मुलाच्या जन्माची नोंद वेळेवर करा. दीक्षेनंतर नाव बदलले असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून सर्व कागदांवर एकच नाव ठेवा. तिसरी, आपली मुले आखातात व अन्यत्र कामास जातात; तेथे ती परकीय असतात. त्यांना सांगा की, पासपोर्ट ही पासपोर्ट अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे भारत सरकारची मालमत्ता आहे. तो मालकाने अडकवून ठेवण्याची वस्तू नव्हे. त्याची एक प्रत घरी ठेवा, आणि अडचण आली तर भारतीय वकिलातीकडे जाण्यास भिऊ नका.

आणि शेवटची गोष्ट. आपल्या गावी उद्या एखादा तिबेटी वा दुसरा परका माणूस कागद हातात घेऊन कचेरीच्या पायरीवर बसलेला दिसला, तर त्याला आत घेऊन जा, त्याचा अर्ज वाचून द्या. आपल्या आजोबांना त्या पायरीवरून कितीदा उठविले गेले, हे आपण विसरलेलो नाही. ते स्मरण ज्याच्या कृतीत उतरते, त्याची दीक्षा पुरी झाली असे मी समजतो.

नमो बुद्धाय! जय भीम!