झाकणभर पुरे

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी. ए.पर्यंत. रसायनशास्त्राशी माझी ओळख झाली ती अम्मीच्या मनगटामुळे.

पावसाळ्यात पाहुणे येणार होते. टाइल्स स्वच्छ दिसाव्यात म्हणून मी बादलीत जंतुनाशक दुप्पट ओतलं, फरशी पुसली आणि वरून साध्या पाण्याचा हात मारायचा कंटाळा केला. संध्याकाळी अम्मी ओल्या पायांनी आली आणि घसरली. मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर घालताना ती म्हणाली, ''पानीच था ना रे, बेटा?''

नुसतं पाणी नव्हतं. शेजारी रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक राहतात. त्यांनी मला समजावलं. अशा जंतुनाशकात बहुधा बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं. त्याच्या रेणूला एक डोकं आणि एक शेपूट. डोक्यावर धनभार, ते पाण्यात रमतं. शेपूट तेलकट, तिला पाणी नकोसं. टाइल्सची चकाकी काचेची. काच काय, वाळू काय, पाण्यात त्यांच्या अंगावर ऋणभार येतो. म्हणून डोकी तिथं चिकटतात. आधी विरळ, एकेक. मग शेपट्या एकमेकींना धरतात आणि गर्दी एकाएकी वाढते. शेपट्या वर आल्या, की पाणी पसरत नाही, थेंब होऊन बसतं. औषध आणखी वाढवलं, तर शेपटीला शेपूट लावून दुसरा थर बसतो. डोकी बाहेर येतात आणि पाणी पुन्हा पसरतं. असा थर पायाखाली निसरडा होतो.

ही एकाएकी होणारी वाढ 1966 साली पी. सोमसुंदरन आणि डग्लस फ्युर्स्टेनाऊ यांनी ॲल्युमिनावर मोजून दाखवली. तिथं भार उलटे होते, खेळ तोच. सोमसुंदरन मूळचे केरळचे, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले.

ब्राझीलमध्ये लोहखनिजातली वाळू याच युक्तीनं काढतात. अमाइन नावाची रसायनं वाळूच्या कणांना चिकटतात, पाण्याला नकोसे झालेले कण हवेच्या बुडबुड्यांना धरून फेसावर येतात. मात्रा फार झाली, की दुसरा थर बसतो आणि वाळू पुन्हा पाण्यातच राहते. म्हणजे कारखान्यातही जास्त ओतणारा फसतोच!

अम्मीचा हात जुळला, पण भाकरी थापताना अजून दुखतो. मी आता बाटलीवरचं वाचतो, झाकणानं मोजून औषध घालतो आणि शेवटी साध्या पाण्यानं फरशी पुसतो. तुमच्याही घरी कुणी म्हातारं माणूस असेल. एवढं जरूर करा.