घरची नोंद आणि छापील नोंद
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाने यंदा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांतील ज्ञातिकुटुंबांची नव्याने नोंद करण्याचा संकल्प सोडला आहे, आणि ती कोणत्या रीतीने करावी याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. कार्यकारिणीत याबाबत दोन मते पडली. एक मत असे की, मागील परिवारसूची हाताशी आहेच. तीतून मृतांची नावे वगळावी, नवी घालावी आणि छापखान्याकडे धाडावी. दुसरे मत असे की, घराच्या उंबरठ्यापर्यंत गेल्याविना एक अक्षरही लिहू नये. आम्ही दुसऱ्या पक्षाचे आहोत, आणि त्याची कारणे येथे निवेदन करतो.

संशोधनशास्त्रात सामग्रीचे दोन प्रकार मानितात. आपल्याच हेतूसाठी आपण स्वतः विचारून, पाहून वा मोजून मिळविली ती प्राथमिक सामग्री. दुसऱ्याने आपल्या निराळ्या कामासाठी जमवून ठेविली आणि आपण उपयोगात आणिली ती दुय्यम. दुय्यम म्हणजे हलकी, असा मात्र अर्थ नव्हे. आपल्या लोणारचे पाहा. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्या सरोवराची नोंद केली. पुढे दीर्घकाळ बहुतेक ग्रंथांतून ते ज्वालामुखीचे मुख म्हणून एकावरून दुसऱ्यात उतरत गेले. अखेर विवराच्या तळाला छिद्रे पाडून खडकाचे नमुने वर काढले, त्यांत प्रचंड आघातानेच बनणारे मॅस्केलिनाइट नावाचे काचेसारखे द्रव्य सापडले, आणि १९७३ मध्ये हा उल्कापाताचा खड्डा असल्याचे प्रसिद्ध झाले. आता आपण तोच शोध पुस्तकात वाचतो. आपल्यापुरती ती दुय्यम सामग्री होय; परंतु तिच्या मुळाशी कोणीतरी तळापर्यंत गेलेला आहे, हे आपणांस ठाऊक असते.

छापील आकडा खरा असूनही कसा फसवितो, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. १९०१ सालची बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या एके ठिकाणी ४,२३,६१६ दिलेली आढळते आणि दुसऱ्या ठिकाणी ६,१३,७५६. साल एक, जिल्हा एक, आणि अंतर जवळजवळ दोन लाखांचे! वाचणाऱ्यास वाटावे की, यांतील एक गणना खोटी. वस्तुतः दोन्ही खऱ्या. आधीच्या दहा वर्षांत दुष्काळामुळे जिल्ह्याची वस्ती शेकडा १२ ने घटली होती, आणि जी उरली तिचा पहिला आकडा. पुढे १९०५ साली वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना झाली. अकोला जिल्ह्यातील खामगाव व जळगाव हे तालुके (जळगाव म्हणजे आपले जामोदचे, खानदेशातले नव्हे) बुलढाण्यास जोडले गेले आणि क्षेत्र ८५३ चौरस मैलांनी वाढले. त्या वाढीव हद्दीतील १९०१ चीच माणसे पुन्हा बेरजेत धरली, तो दुसरा आकडा. एखादा विद्यार्थी पहिला आकडा उचलून त्याच्यापुढे नव्या हद्दीतील पुढची गणना मांडील, तर दुष्काळाने खंगलेला जिल्हा दहा वर्षांत दीडपट फुगला असा अद्भुत सिद्धांत तो काढील. म्हणून छापील आकडा घेताना तो कोणी, केव्हा, कोणत्या हद्दीत आणि कशासाठी मोजला, ही चौकशी आधी करावी लागते. मागील परिवारसूचीत यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर लिहिलेले नाही.

परंतु नुसते दारी जाऊनही भागत नाही. प्रश्न नीट हवा. सर्व जातींची कोष्टके जनगणनेत अखेरची प्रसिद्ध झाली ती १९३१ साली, आणि तेव्हा देशात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या. २०११ साली आरंभिलेल्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत जातींची नावे निघाली ४६ लाखांवर! ही गोष्ट केंद्र शासनानेच २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयास सांगितली. एवढ्या जाती दहा पिढ्यांतही उत्पन्न होणार नाहीत. कोणी पोटजात सांगितली, कोणी कूळ, कोणी आडनाव. लिहिणाऱ्याने ज्याच्या त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहिले. १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी धरून योजिलेल्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचे शासनाने ठरविले आहे. तेव्हा आपल्या घरांतून एकाच जातीची चार नावे जाऊ नयेत, यासाठी तरी आधी आपली एकवाक्यता हवी.

आता शाळेच्या दप्तराविषयी. त्यात आमचे आयुष्य गेले असल्याने थोडे अधिकाराने बोलतो. दाखल-खारीज रजिस्टर हा जातीच्या व वयाच्या कामी मोठा पुरावा मानला जातो, आणि तो आहेही. तथापि जुन्या काळी बाप पोरास घेऊन येई, जन्मतिथी विचारली तर ‘मोठ्या पुराच्या साली’ एवढेच सांगे, आणि गुरुजी एक जून वा एक जुलै मांडून मोकळे होत. अशा वेळी कोतवाल बुकातील जन्माची नोंद पडताळून पाहावी. तेथे पुष्कळदा मुलाचे नाव नसते, बापाचे नाव आणि ‘मुलगा झाला’ एवढेच असते. पण तारीख घटनेच्या निकटची असते.

हजेरीपटाचीही तीच गत. दिवाळी सरली की वर्गातील कित्येक पोरे दिसेनाशी होत. पटावर नावे जशीच्या तशी, आणि मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर गेलेली. पट पाहणारा म्हणेल, शिक्षण उत्तम चालले आहे. आपले स्वयंसेवक दिवाळीनंतर फिरले, तर नेमक्या याच घरांना त्यांस कुलूप दिसेल, आणि मंडळाची शिष्यवृत्ती ज्यांस सर्वांआधी मिळावयास हवी तीच कुटुंबे सूचीबाहेर राहतील. पुण्या-सुरतेस स्थायिक झालेले बंधू पत्राने कळवितील. या लोकांचे पत्र येणार नाही. सबब फेरी पावसाळ्यात, माणसे गावी असताना काढावी.

मागील सूचीत ‘शिक्षित’ असा एकच रकाना होता. त्यात चौथी झालेलाही बसला आणि पदवीधरही. यंदा ‘कोणत्या इयत्तेपर्यंत’ आणि ‘शाळा कोणत्या वर्षी सुटली’ असे विचारावे. सुटलेल्या मुलीविषयी बाप ओसरीवर खरे सांगेलच असे नाही. आत तिच्या आईस भगिनींनी विचारावे. नवऱ्याने टाकलेली लेक घरी असेल तर तिचे नाव कुटुंबात यावे, आणि ते छापले जाऊ नये. कर्जाचा प्रश्न विचारूच नये, असे आमचे मत आहे. उत्तर खरे मिळत नाही आणि पुढील प्रश्नांवरचा विश्वासही जातो.

प्रत्येक पत्रकावर माहिती सांगणाऱ्याचे नाव, लिहिणाऱ्याचे नाव व दिनांक हे तीन रकाने सक्तीचे ठेविले आहेत. दर तालुक्यास दोन पुरुष व दोन स्त्रिया लागतील. पत्रकाचे नमुने मांडवाच्या दाराशी ठेविलेले आहेत. ते पाहून इच्छुकांनी आपली नावे संमेलन संपण्यापूर्वी चिटणिसांकडे द्यावी.