लोकमान्यांचे वडील : गंगाधरपंत टिळक



रत्नागिरीत टिळक आळी विचारा, कोणीही वाट दाखवील. तिथले एक कौलारू घर लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान म्हणून सरकारने जतन करून ठेवले आहे. शाळांच्या सहली तिथे जातात. मुले रांगेने आत जातात, तसबिरीला नमस्कार करतात, आणि बाहेर येऊन खाऊचे डबे उघडतात. पण हे घर टिळकांच्या मालकीचे नव्हते, ही गोष्ट त्यांना सहसा कोणी सांगत नाही. घर होते गोऱ्यांचे. गावातले एक मराठी शाळामास्तर त्यात बिऱ्हाड करून राहत होते. त्या मास्तरांविषयी मी आज बोलणार आहे.

गंगाधर रामचंद्र टिळक हे त्यांचे नाव. जन्म १८२० चा. मूळ गाव दापोलीजवळचे चिखलगाव. तिथे टिळकांकडे खोतीचा वाटा होता; पण कोकणातली खोती वाटण्या होऊन होऊन किती उरते, हे इथे ऐकणाऱ्यांना मी सांगायला नको. गंगाधरपंतांना शिकायचे होते. त्यासाठी त्यांनी पुण्याची वाट धरली. पण ऐन शिकण्याच्या वयात आई वारली, वडिलांचे मन संसारातून उडाले आणि ते तीर्थयात्रेला निघून गेले. मागे राहिलेला संसार या तरुण मुलाच्या गळ्यात पडला. शिक्षण तिथेच सुटले आणि त्यांनी शाळामास्तरची नोकरी पत्करली. मालवण, चिपळूण असे करीत ते रत्नागिरीस आले.

आता असे पाहा, शिक्षण अर्धवट राहिलेली माणसे दोन तऱ्हेची असतात. काहीजण त्याचे दुःख जन्मभर घोळवीत बसतात, येईल त्याला ऐकवतात. गंगाधरपंत दुसऱ्या तऱ्हेचे. शाळा सुटल्यावर घरी बसून ते संस्कृत शिकले, गणित शिकले, आणि तेही असे की मास्तरकी करता करता त्यांनी मराठीत व्याकरणावर पुस्तक लिहिले, त्रिकोणमितीवर लिहिले. श्रोत्यांमध्ये जे गणिताचे शिक्षक असतील त्यांनी क्षणभर विचार करावा. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली, सरकारी शिक्षणखाते उघडले त्याच्या दोनच वर्षे आधी. अशा त्या काळात, कोकणातल्या एका बंदरगावात, तुटपुंज्या पगाराचा एक मास्तर रात्री दिव्याजवळ बसून त्रिकोणाच्या बाजू आणि कोन मराठीत कसे सांगावे याची जुळवाजुळव करतो आहे! आज ती पुस्तके कोणी वाचीत नाही. क्रमिक पुस्तकांचे नशीबच तसे असते.

त्यांच्या पत्नी पार्वतीबाई. दोघांना आधी मुली झाल्या. मुलगा व्हावा म्हणून पार्वतीबाईंनी सूर्याची उपासना केली, कडक उपास केले, असे चरित्रकार सांगतात. २३ जुलै १८५६ रोजी मुलगा झाला. नाव ठेवले केशव, पण घरात सगळे म्हणत बाळ, आणि पुढे देशानेही तेच नाव उचलले. लोकमान्यांच्या चरित्रात आईच्या या उपासनेची गोष्ट आवर्जून येते, आणि ती यावीच. मला म्हणायचे आहे ते एवढेच, की मुलगा झाल्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ जे व्रत चालले ते गंगाधरपंतांचे होते. त्या व्रताचे उद्यापन त्यांनी कधी केलेच नाही.

शाळेत दिवसभर दुसऱ्यांची मुले शिकवून घरी आलेल्या मास्तराला स्वतःचे मूल शिकवण्याचा कंटाळा येतो. हे मी अनुभवाने सांगतो, आणि ऐकणारे गुरुजी मनातल्या मनात मान डोलवतील. गंगाधरपंतांना तो कंटाळा नव्हता. बाळला त्यांनी घरीच संस्कृतचा पाया घालून दिला. पद्धत मोठी व्यवहारी होती. एक श्लोक पाठ केला की एक पै बक्षीस! आजच्या मुलांना पै ठाऊक नाही. १९५७ साली दशमान नाणी आली, त्याआधी बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया असे. म्हणजे पुरा रुपया हातात पडायचा तर १९२ श्लोक तोंडपाठ हवेत. बाळची कमाई सावकाशीची असेल, पण मास्तरांच्या पगारात पैलाही किंमत होती. या लालुचीने विद्येचे पावित्र्य बिघडते असे म्हणणारे पंडित तेव्हाही असतील. मला त्या पैत लालूच दिसत नाही. बापाने मुलाच्या श्रमाचा हिशेब चोख ठेवला, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट बाणभट्टाच्या कादंबरीची. ते संस्कृतातले मोठे अवघड पुस्तक वाचायला द्या म्हणून बाळने हट्ट धरला. वडील नाही म्हणाले नाहीत. त्यांनी एक कठीण गणित घातले. हे सोडव, मग पुस्तक तुझे. बाळ त्या गणिताला चिकटून बसला आणि सोडवूनच उठला. शेंगांच्या टरफलांची गोष्ट महाराष्ट्रात पोराटोरांना पाठ आहे. मास्तरांसमोर ताठ उभा राहणारा तो मुलगा आपण सर्वांनी डोळ्यांसमोर आणला आहे. पण असा मुलगा संध्याकाळी कोणत्या घरी परत जात होता, तिथे त्याचे म्हणणे कोण ऐकून घेत होते, हे कोणी विचारीत नाही.

१८६६ साली गंगाधरपंतांना बढती मिळाली. शाळाखात्यात असिस्टंट डेप्युटी इन्स्पेक्टर म्हणून त्यांची पुण्यास नेमणूक झाली. वय सेहेचाळीस. जन्म कोकणात गेलेला, बिऱ्हाड मोडून घाटावर जायचे. मुलाला पुण्याच्या शाळा मिळतील, हा लाभ मोठाच होता. पण पुण्यास आल्यावर थोड्याच दिवसांत पार्वतीबाई वारल्या. बाळ तेव्हा दहा वर्षांचा. संसार पुन्हा एकदा विस्कटला. गंगाधरपंतांच्या तरुणपणी जे झाले होते तेच आता त्यांच्या मुलाच्या वाट्याला आले, आई गेली. फरक एवढाच की या मुलाचा बाप घर सोडून गेला नाही. धाकटे भाऊ गोविंदराव आणि त्यांची पत्नी यांच्या हाती घर आले, काकूने बाळला आईची माया दिली, आणि पंत नोकरीची फिरती सांभाळीत मुलाचा अभ्यास पाहत राहिले.

१८७१ साली बाळचे लग्न झाले. मुलगी दापोली तालुक्यातल्या लाडघरची, तापीबाई. सासरचे नाव सत्यभामा. पुढच्याच वर्षी गंगाधरपंतांनी अंथरूण धरले, ते दुखणे शेवटचे ठरले.

त्या आजारपणातली एक गोष्ट खुद्द लोकमान्यांनीच लिहून ठेवली आहे, म्हणून तिच्याविषयी शंका घ्यायला जागा नाही. ‘गीतारहस्या’च्या प्रस्तावनेत ते सांगतात, की १८७२ साली वडील शेवटच्या आजारात असताना त्यांना भगवद्गीतेवरची ‘भाषाविवृती’ नावाची प्राकृत टीका वाचून दाखवण्याचे काम आपल्याकडे आले होते. गीतेशी त्यांचा पहिला परिचय तो. वय सोळा. गीतेचा भावार्थ तेव्हा नीट ध्यानात आला नाही, हेही ते मोकळेपणी लिहितात. पण तेव्हाचा संस्कार टिकला. पुढे संस्कृत टीका वाचल्या, आणि एक शंका मनात घर करून राहिली : लढाईतून अंग काढून घेऊ पाहणाऱ्या अर्जुनाला लढायला लावण्यासाठी सांगितलेल्या गीतेत, ज्ञानाने नाहीतर भक्तीने मोक्ष कसा मिळवावा याचेच विवेचन का असावे?

पुढे अडतीस वर्षांनी, १९१०-११ च्या हिवाळ्यात, मंडालेच्या तुरुंगात त्यांनी त्या शंकेचे उत्तर पेन्सिलीने लिहून काढले. १९१५ साली ‘गीतारहस्य’ छापून निघाले. या ग्रंथावर विद्वानांनी पुष्कळ वाद घातले आहेत. मी जेव्हा तो उघडतो तेव्हा मला प्रस्तावनेतले ते अंथरूण आधी दिसते. ज्या बापाने एकेका श्लोकाला एक पै मोजून मुलाला वाचायला शिकवले, तोच आता पडल्या पडल्या मुलाच्या तोंडून ऐकतो आहे. कुठे उच्चार चुकला असेल तर त्यांनी सुधारला असेल का? मास्तर होते ते, नक्कीच सुधारला असेल.

ऑगस्ट १८७२ मध्ये गंगाधरपंत गेले. मुलाचे शिक्षण अडू नये इतकी तजवीज त्यांनी मागे ठेवली होती. आपले स्वतःचे कसे अडले, हे ते विसरले नव्हते. वर्षअखेरीस बाळ मॅट्रिक झाला. ती बातमी ऐकायला ते नव्हते. १८७३ साली तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाला, आणि प्रकृती किरकोळ म्हणून पहिले वर्ष त्याने पुस्तके बाजूला सारून तालीम, कुस्ती आणि पोहणे यांतच घालवले. गंगाधरपंत असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. बहुधा, तालमीला जाण्यापूर्वी हे सोडव, म्हणून एक गणित घातले असते.