थोड्या वर्षांचा बहर
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की आहारशास्त्र, बालसंगोपन नाही तर संतवाङ्मय, असा आपला आजवरचा शिरस्ता आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला निराळेच काम सांगितले. आपल्या शनिवारच्या बैठकीत गेले काही आठवडे एक वाद चालू आहे. त्यापायी चहा निवतो, विणकाम मांडीवर तसेच राहते आणि घरी जायची वेळ टळते. तो वाद आज सर्वांपुढे नीट मांडावा, असे त्यांचे म्हणणे पडले. वाद असा : चित्रपटसृष्टीत अगदी थोड्या वर्षांत सर्वांत मोठी कामगिरी कोणी केली?

प्रश्न नीट ध्यानात घ्या. सर्वांत थोर नट किंवा नटी कोण, हा तो प्रश्न नव्हे. दुर्गाबाई खोटे मूकपटाच्या अखेरीपासून पुढे जवळजवळ पन्नास वर्षे काम करीत होत्या. अशी माणसे म्हणजे वडाची झाडे, त्यांची गोष्ट वेगळी. आज आपण बोलणार आहोत ते बहराविषयी. झाड तेच असते, पण एखाद्या वर्षी फांदी दिसू नये इतके ते लगडते. असा चारपाच वर्षांचा बहर कोणाचा मोठा, एवढेच आपल्याला पाहायचे आहे.

आपल्या बैठकीत सर्वांत मोठा पक्ष राजेश खन्नांचा आहे, आणि तो उगाच नाही. १९६९ साली ‘आराधना’ आणि ‘दो रास्ते’ आले आणि १९७१ संपेपर्यंत ‘सफर’, ‘सच्चा झूठा’, ‘कटी पतंग’, ‘आनंद’, ‘हाथी मेरे साथी’ अशी रांग लागली. लागोपाठ पंधरा चित्रपट यशस्वी झाले असे सांगितले जाते. मोजणाऱ्यांत एकदोनांचा फरक पडतो, पण तीन वर्षांत इतके यश हिंदी पडद्याने तोवर पाहिले नव्हते, यात शंका नाही. १९७३ साली ‘जंजीर’ आला, प्रेक्षकांना संतापलेला नायक आवडू लागला आणि हा बहर ओसरला.

त्यांच्या पक्षाच्या भगिनींना मी एकच गोष्ट सुचवते. त्या चित्रपटांच्या कथा पुन्हा आठवून पाहा. ‘आराधना’ ही कुमारी मातेची कथा आहे आणि ती पेलली आहे शर्मिला टागोर यांनी. ‘कटी पतंग’ ही विधवेचे सोंग घ्यावे लागलेल्या मुलीची कथा, ती आशा पारेख यांची. पुढे १९७२ च्या ‘अमर प्रेम’मध्ये तर कोठीवरची स्त्रीच कथेच्या मध्यावर आहे. ‘दो रास्ते’ची कथा आपल्या चंद्रकांत काकोडकरांची. किशोरकुमारांचा गळा आणि शक्ति सामंतांचे दिग्दर्शन आणखी वेगळेच. म्हणजे ज्याला आपण एका नायकाचा बहर म्हणतो, त्याच्या मुळाशी कितीजणांनी पाणी घातले होते! याने त्यांचे श्रेय कमी होत नाही. ‘आनंद’मधला मरणाच्या दारातला हसरा माणूस दुसऱ्या कोणाला तसा साधला नसता.

दुसरा पक्ष मधुबालेचा. १९५८ या एका वर्षात तिचे ‘चलती का नाम गाडी’, ‘हावडा ब्रिज’, ‘काला पानी’ आणि ‘फागुन’ आले. १९६० साली ‘बरसात की रात’ आणि ‘मुगल-ए-आझम’. एकीकडे रात्री गाडी बिघडली म्हणून गॅरेजात आलेली खट्याळ मुलगी, दुसरीकडे बादशहापुढे मान न झुकवणारी अनारकली! आणि हे सारे करताना तिच्या हृदयाला जन्मतःच छिद्र होते. १९६० नंतर आजाराने तिचे काम जवळजवळ थांबले आणि १९६९ च्या फेब्रुवारीत, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ती गेली.

परदेशी चित्रपट पाहणाऱ्या भगिनींचा तिसरा पक्ष लहान आहे, पण बोलायला खंबीर. त्यांनी तीन नावे पुढे केली. पहिले ग्रेस केली. १९५१ ते १९५६ या काळात तिने अवघे अकरा चित्रपट केले. त्यांतले तीन आल्फ्रेड हिचकॉकचे होते आणि ‘द कंट्री गर्ल’साठी तिला ऑस्कर मिळाले. १९५६ साली मोनॅकोच्या राजाशी लग्न केल्यावर तिने पुन्हा चित्रपटात काम केले नाही. दुसरा जेम्स डीन. प्रमुख भूमिकेचे तीनच चित्रपट, आणि त्यांतला एकच त्याच्या हयातीत प्रदर्शित झाला. ३० सप्टेंबर १९५५ रोजी मोटार अपघातात तो गेला तेव्हा त्याचे वय चोवीस होते.

तिसरे नाव पुष्कळजणींना ठाऊक नव्हते. जॉन कझाल. ‘गॉडफादर’मधला तो दुबळा, मनातून दुखावलेला मधला भाऊ आठवतो ना, तोच. त्याने सारे पाच चित्रपट केले : १९७२ मध्ये ‘द गॉडफादर’, १९७४ मध्ये त्याचा दुसरा भाग आणि ‘द कॉन्व्हर्सेशन’, १९७५ मध्ये ‘डॉग डे आफ्टरनून’ आणि शेवटी ‘द डीअर हंटर’. पाचांपैकी प्रत्येकाला सर्वोत्तम चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळाले आणि तिघांना ते पारितोषिक मिळालेही. कझालला स्वतःला मात्र एकदाही नामांकन नाही! शेवटचा चित्रपट लोकांपुढे येण्याआधीच, मार्च १९७८ मध्ये, कर्करोगाने तो गेला. पंगतीत वाढणारी बाई फोटोत कधी दिसत नाही, तसे त्याचे झाले.

आता निवाडा कसा करायचा? आवडीनिवडीवर सोडले तर पुढच्या वर्धापनदिनापर्यंत हा वाद मिटणार नाही. म्हणून मी तीन कसोट्या मांडते.

पहिली कसोटी विविधतेची. एका भूमिकेचे यश पाच वेळा उगाळले, तर ते एकच यश झाले. एका भूमिकेतली बाई उचलून दुसऱ्या चित्रपटात ठेवली तर ती तिथे परकी वाटली पाहिजे.

दुसरी कसोटी धाडसाची. जे लोकांना आवडणार हे आधीच ठाऊक आहे ते करणे सोपे. जे लोकांना बोचेल ते करूनही लोकांना बसवून ठेवणे अवघड.

तिसरी कसोटी जरा कठोर वाटेल, पण ती हवीच. मरणाचे गुण वजा करा. तरुणपणी गेलेल्या माणसाच्या कामावर आपण नकळत हळद-कुंकू वाहतो. तो जगला असता तर काय झाले असते, याचीही भर त्याच्या खात्यात घालतो. हे बरोबर नाही. जे केले तेवढेच मोजायचे. या कसोटीवर जेम्स डीनचे पारडे बरेच हलके होते, असे माझे मत आहे. मधुबालेचे होत नाही, कारण तिचा बहर तिच्या मृत्यूच्या नऊ वर्षे आधीच पुरा झाला होता.

या कसोट्या लावताना मला आपल्या पुण्याच्या ‘प्रभात’ची आठवण होते. शांता आपटे यांचा ‘अमृतमंथन’ १९३४ चा, ‘अमरज्योती’ १९३६ चा, ‘कुंकू’ १९३७ चा आणि ‘गोपाळकृष्ण’ १९३८ चा. चार वर्षांतच एवढे काम. ‘कुंकू’तली नीरा म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लावलेले लग्न मान्य करीत नाही. आणि ती रडत नाही, भांडते! त्या काळी घराघरांत अशी लग्ने होत होती, तेव्हा हे पडद्यावर दाखवायला छाती लागत होती. पुढे १९३९ साली कराराच्या वादावरून त्या प्रभातच्या दाराशी उपोषणाला बसल्या. पडद्यावरची नीरा आणि दारातल्या शांताबाई यांत फार अंतर नव्हते.

आता माझे मत. तिन्ही कसोट्यांना जो बहर पुरेपूर उतरतो तो मला स्मिता पाटील यांचा वाटतो, आणि मी तो १९७७ ते १९८२ एवढाच धरते.

मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी ही मुलगी श्याम बेनेगल यांच्या नजरेस पडली. १९७६ च्या ‘मंथन’मध्ये ती गुजरातेतल्या खेड्यातली बिंदू झाली. पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला तो चित्रपट. २०२४ साली त्याची नवी केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली, इतका तो टिकला. ही झाली बहराआधीची पालवी. १९७७ साली ‘भूमिका’ आला. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर तो आधारलेला आहे. पोरवयापासून प्रौढपणापर्यंतची, घर शोधता शोधता प्रत्येक घरातून बाहेर पडणारी नटी तिने उभी केली, तेव्हा तिचे स्वतःचे वय बावीसच्या आसपास होते. त्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्याच सुमारास ‘जैत रे जैत’मधली ठाकरवाडीतली चिंधी. १९८० साली ‘आक्रोश’, त्यात तर बोलणे जवळजवळ नाहीच. १९८१ साली जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा ‘चक्र’ आणि त्यातली झोपडपट्टीतली अम्मा, त्यासाठी दुसरा राष्ट्रीय पुरस्कार. १९८२ साली ‘बाजार’, ‘अर्थ’ आणि आपला ‘उंबरठा’. त्याच वर्षी अमिताभ बच्चन यांच्याबरोबर ‘नमक हलाल’ आणि ‘शक्ती’ही.

पहिली कसोटी लावा. चिंधीचे लुगडे अम्माला व्हायचे नाही, अम्माची बोली ‘उंबरठा’तल्या सुलभा महाजनच्या तोंडी बसायची नाही. दुसरी लावा. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरचा ‘उंबरठा’ आठवा. खाऊनपिऊन सुखी घरातली शिकलेली सून लहान मुलीला घरी ठेवून स्त्रियांच्या सुधारगृहाची अधीक्षिका म्हणून निघून जाते. तो पाहून घराघरांत प्रश्न उठला, की ती चुकली की बरोबर? सुलभेने त्या प्रश्नाचे सोपे उत्तर दिले नाही, आणि कोणाची कीवही मागितली नाही. तिसरी कसोटी लावा. १३ डिसेंबर १९८६ रोजी, बाळंतपणानंतरच्या आजाराने, एकतिसाव्या वर्षी त्या गेल्या, हे क्षणभर विसरा. त्या आज हयात असत्या आणि १९८२ नंतर त्यांनी एकही चित्रपट केला नसता, तरीही ही सहा वर्षे जशीच्या तशी उभी राहिली असती.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ‘आराधना’ गावोगाव पाहिला गेला, ‘चक्र’ कितीजणींनी पाहिला? गर्दी ही काही खोटी कसोटी नव्हे. हजारो माणसे पदरचे पैसे टाकून रांगेत उभी राहतात तेव्हा त्यांना काहीतरी मिळालेले असते. गर्दीचा मान राजेश खन्नांचा, तो त्यांना बिनविरोध द्यावा. एकही हिणकस दाणा नसलेल्या कणसाचा मान कझालचा. पण बहर पुरा कोणाचा, असे विचाराल तर माझे मत स्मिताबाईंना. आणि बेनेगल, तेंडुलकर, जब्बार पटेल यांच्यासारखे लोक मिळाले म्हणून ते साधले, असे म्हणाल तर तेही खरे आहे. एकट्याने बहर कोणालाच येत नाही, हे आपण राजेश खन्नांच्या बाबतीत पाहिलेच.

भगिनींनो, या वादात एक गोष्ट माझ्या मनाला लागली. ही सारी नावे पुन्हा पाहा आणि प्रत्येक बहर कशाने थांबला ते विचारा. राजेश खन्नांचा थांबला तो लोकांची आवड बदलली म्हणून, म्हणजे कामाच्याच क्षेत्रातल्या कारणाने. ग्रेस केलीचा लग्नाने थांबला. शांता आपट्यांचा प्रभातमधला काळ कराराच्या भांडणात संपला. मधुबालेला आजाराने गाठले, आणि स्मिताबाईंचे पुढचे काम बाळंतपणाने कायमचे तोडले. बायकांच्या बाबतीत कामाचे माप कामाने क्वचितच ठरते, ते बाहेरून येऊन कोणी तरी ठरवते. म्हणून तर ‘बिचारी, थोडक्यात आटोपले’ असे म्हणून आपण मोकळ्या होतो, आणि जे झाले ते मोजायचे राहून जाते.

आपल्या मंडळातही असे बहर आहेत. कोणी लग्नाआधी तीन वर्षे शाळेत शिकवले, कोणी चार वर्षे आकाशवाणीवर गायले, कोणी दोन हंगाम नाटक गाजवले. विचारले की उत्तर येते, ‘छे हो, ते काय, तेव्हाचे होते.’ ‘तेव्हाचे’ म्हणजे काय? सहा वर्षांत एक नटी मराठी-हिंदी पडद्यावरची बाई बदलून टाकते, तर आपली तीन वर्षे वाया गेली असे कोणी ठरवले?

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. एक, येत्या वर्षात ‘कुंकू’ आणि ‘उंबरठा’ हे दोन चित्रपट मंडळाने लागोपाठच्या शनिवारी दाखवावेत. दोहोंत पंचेचाळीस वर्षांचे अंतर आहे. नीरापासून सुलभेपर्यंत काय बदलले आणि काय बदलले नाही, ते आपणच पाहू. दुसरी, पुढच्या स्मरणिकेत प्रत्येक सभासदाने आपल्या बहराच्या वर्षांविषयी दहा ओळी लिहून द्याव्यात. सन घालून, काय केले ते स्पष्ट सांगून, आणि ‘छे हो’ वगळून.

वाद मिटला असे मी म्हणत नाही. राजेश खन्नांच्या पक्षाच्या भगिनी मघापासून चुळबुळ करीत आहेत, ते मला इथून दिसते आहे. त्यांना उत्तर द्यायला येता शनिवार मोकळा आहे.