खचलेला मणका आणि अरुंद वाट

वृद्धापकाळी, विशेषतः स्त्रियांमध्ये ऋतुनिवृत्तीनंतर, हाडे विरळ होत जातात. मग पाण्याची बादली उचलण्याचे किंवा जोराने खोकण्याचे निमित्तही मणका चेपण्यास पुरेसे होते. असे दोन-तीन मणके खचले की पाठीला पोक येते, उंची घटते आणि श्वास अपुरा पडू लागतो.

१९८४ मध्ये फ्रान्समधील आमियाँ येथे गालिबेर व देरामाँ या डॉक्टरांनी गाठीने पोखरलेल्या मानेच्या मणक्यात सुईवाटे अस्थिसिमेंट भरले. हीच रीत पुढे खचलेल्या मणक्यांसाठी वापरात आली. १९९८ च्या सुमारास मणक्यात फुगा फुगवून सिमेंटसाठी पोकळी करण्याची पद्धत आली. तिच्यानंतर मोटारीच्या जॅकप्रमाणे आतून उघडणारी टायटॅनियमची रोपणे आली. ती खचलेले छत उचलून धरतात. मग भोवती सिमेंट भरले जाते.

मात्र रोपण आत नेण्याची नेहमीची वाट अरुंद असते. मणक्याचा पुढचा भाग मागच्या कमानीशी हाडाच्या दोन आखूड खांबांनी जोडलेला असतो. सुई या खांबांतूनच जाते, आणि त्यांना लागूनच मज्जारज्जू असतो. छातीच्या मधल्या मणक्यांत खांबाची रुंदी पुष्कळदा ४ ते ५ मिलिमीटरच भरते. लहान चणीच्या व्यक्तीत ती आणखी कमी असते. कणा वाकडा असेल तर एका बाजूचा खांब बारीक असतो व सुईची दिशा चुकण्याचा धोका वाढतो. मणक्याची मागील भिंत फुटलेली असल्यास सिमेंट मज्जारज्जूकडे झिरपू शकते.

म्हणून अशा रुग्णांत सीटी चित्रावर प्रत्येक खांबाचे माप आधी घेणे अगत्याचे ठरते. खांब पुरेसा रुंद नसेल, तर बरगडी व खांब यांच्यामधून बाहेरची वाट धरता येते, लहान आकाराचे रोपण निवडता येते किंवा रोपणाचा विचार सोडून बारीक सुईने केवळ सिमेंट भरता येते.

काही वेळा यांपैकी काहीही न करणेच हिताचे असते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत सिमेंट भरलेल्या रुग्णांच्या वेदना, नुसता उपचाराचा देखावा केलेल्या रुग्णांपेक्षा अधिक कमी झालेल्या आढळल्या नाहीत. अनेक रुग्णांची वेदना काही आठवड्यांत आपोआप ओसरते. रोपण एकदा बसविले की ते काढणे दुष्कर असते. शिवाय हाडांची विरळता तशीच राहिली, तर उद्या दुसरा मणका खचू शकतो. तेव्हा हाडे बळकट करणारा उपचार प्रत्येक रुग्णास मिळावयास हवा; रोपण मात्र त्यालाच, ज्याची वेदना शमत नाही आणि ज्याच्या हाडात त्यासाठी सुरक्षित वाट आहे.